पट्टी गुंडाळलेले तीन रेग्युलेटर

मोठेबाबा, तुम्ही बरोबर होता.

हे वाक्य तुम्ही माझ्या तोंडून कधी ऐकलं नाही. उलट तीन वर्षं मी तुम्हाला फोनवर ऐकवत आले, की तुमच्या नादी लागून मी नको तो रेग्युलेटर घेऊन बसले. आणि जेव्हा हे वाक्य म्हणायची वेळ आली, तेव्हा मला वाटलं, उद्या सावकाश फोन करू. त्या उद्याच्या सकाळी बाबांचाच फोन आला. काल तुमची तेरवी झाली. परवा मला अंदमानला परत जायचं आहे, म्हणून आज हुडको वसाहतीतल्या तुमच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. मोठी आई आत डाळ निवडते आहे. डब्यात तिच्या बांगड्या वाजताहेत, तेवढाच काय तो आवाज.

तेरवीला आलेले लोक तुमच्या नोकरीबद्दल बोलले, स्वभावाबद्दल बोलले. तुमच्या श्वासाबद्दल कुणी बोललं नाही. मला मात्र तुम्ही आठवता ते डोळे मिटून, तोंडात रबर धरून, श्वास घेताना.

आपण सेक्टर सहाला एकाच ओळीतल्या दोन क्वार्टरांत राहत होतो तेव्हापासून मला ठाऊक होतं, की माझे बाबा पोलादाच्या प्लांटच्या ऑफिसात कागद पाहतात आणि त्यांचे थोरले भाऊ, मोठेबाबा, हवा पाहतात. मी शाळेतही असंच सांगायची. भट्टीच्या गॅसला रंग नाही, वास नाही. तो असलेल्या जागी माणसाला पाठीवर हवेची बाटली बांधून, मास्क चढवून जावं लागतं, आणि ते मास्क तपासायचं काम तुमचं. आत जाताना माणूस आपला पत्र्याचा बिल्ला फळ्यावरच्या खिळ्याला लटकवतो आणि बाहेर आला की काढून खिशात घालतो, हे तुम्ही मला जेवताना सांगायचा. पाळी संपली आणि फळ्यावर बिल्ला उरला, तर माणूस आत उरला. मी सहा वर्षांची होते. वरणभात तसाच हातात राहायचा.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात मी बॅगेत तीन रेग्युलेटर घेऊन आले. अंदमानात मी पर्यटकांना समुद्राखाली नेते, आणि इतकी वर्षं केंद्राचीच सामग्री वापरत होते. आता स्वतःचा रेग्युलेटर घ्यायचा होता. केंद्राच्या मालकाने तीन दिले, म्हणाला घरी ने, विचार कर, एक ठेव, दोन परत आण. मोठ्या आईने पाहिलं आणि विचारलं, "सिलिंडरचा आहे का?" तुम्ही म्हणालात, "सिलिंडरचाच आहे."

मग तुम्ही एक हातात घेतला. बाटलीच्या तोंडावर बसणारा जड गोळा, त्यातून निघालेल्या नळ्या, एका नळीला तोंडात धरायचं चपटं डबडं, दुसरीला तसंच पिवळं, अडचणीत दुसऱ्याला द्यायचं. मी सांगत होते, की बाटलीतली हवा थेट घेतली तर छाती फुटेल. हा तिला दोनदा लगाम घालतो आणि ज्या खोलीवर आपण असू, तिथल्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा दर श्वासाला देतो. पाच मीटरवर पाचची, वीसवर वीसची. आपल्याला काही करावं लागत नाही. तुम्ही डबड्याचं झाकण उघडून आतला रबरी पडदा बोटाने हळूच दाबला.

"एवढंसं रबर," तुम्ही म्हणालात, "आन पुरा समुद्र त्याच्या त्या बाजूनं."

मी रोज तो पडदा पाहते. मला तोवर तसं कधी वाटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मी विचारायला नव्हतेच आले. माझं ठरलेलं होतं. एका कंपनीचं नाव मोठं होतं. आमच्या किनाऱ्यावर ज्याच्या त्याच्या नळीवर तेच नाव दिसतं आणि पर्यटकही ते पाहून निर्धास्त होतात. पण माझ्या पगारात त्या नावाचं सगळ्यात खालचं मॉडेल बसत होतं. तेवढ्याच किमतीत दुसऱ्या, फारशा कुणी न ऐकलेल्या कंपनीचं वरचं मॉडेल मिळत होतं, दिसायला बोजड. तिसरा नेटवरचा, निम्म्याहून स्वस्त. मला तुमची फक्त मान हललेली पाहायची होती, की झालं.

तुम्ही मान हलवली नाहीत. मोठ्या आईच्या औषधाच्या डब्यातून चिकटपट्टी मागवलीत आणि म्हणालात, "आंदी नाव झाक."

"कावून?"

"नाव वाचलं का कान बंद होते. आमच्याकडं मास्कच्या पेटीवरचं नाव पाह्याले बंदीच होती."

मी तिन्हींवर पट्टी गुंडाळली, तुम्ही पेनाने त्यावर क, ख, ग लिहिलंत. कोणता कोणाचा हे मला ठाऊक होतं, तुम्हाला नाही. तसेच स्कूटरवरून आपण हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. मी मागे, मांडीवर बॅग. साहूभैयांच्या वर्कशॉपमध्ये आग विझवायच्या आणि श्वासाच्या बाटल्या भरतात. त्यांना हे काम तुम्हीच शिकवलं होतं. प्लांटच्या बाटलीचे आणि माझ्या रेग्युलेटरचे आटे एकच निघाले, क सरळ फिरून बसला, तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू समुद्र आणि भट्टी कुठेतरी आतून जोडलेले आहेत हे तुम्हाला आधीच माहीत होतं.

तुम्ही स्टुलावर बसलात. चष्मा काढून साहूभैयांच्या हातात दिलात, डोळे मिटलेत. बाहेर ग्राइंडर चालू होता, ट्रक मागे घेत होते, आणि तुम्ही त्या सगळ्यातून पडद्याचा आवाज वेगळा काढत होता. एक श्वास. थांबणं. दुसरा श्वास. मान खाली घालून, वर करून, डाव्या कुशीला कलून. साहूभैया हात जोडून उभे होते. मीही कधी हात जोडले ते मला कळलं नाही. पंधरा मिनिटं तुम्ही एका डबड्याशी बोलत बसला होता आणि ते तुम्हाला उत्तर देत होतं.

मग तुम्ही ग उचललात. "हा. हा सगळ्यात चांगला."

ग म्हणजे नेटवरचा. मी हसले, मोठेबाबा. चारचौघांत नाही, पण साहूभैयांसमोर हसले. तेही कमी नाही.

"हसून कावून राहिली?"

"तुमी फेल झाले, मोठेबाबा. हा सगळ्यात बेकार आहे."

तुम्ही शांतपणे सांगितलंत, की हा न मागता जराशी हवा देतो. आमचा मास्कही तसाच, आतून बाहेर हवा ढकलत राहणारा. म्हणजे कडेला फट राहिली तरी गॅस आत शिरत नाही. माणसाला हवा मागावी लागू नये. साहूभैयांनी मान डोलावली. त्यांच्या हिशेबाने यात चूक काहीच नव्हती.

 बाटल्यांची गळती पाहायची लोखंडी टाकी कोपऱ्यात पाण्याने भरलेली होती. मी ग चं डबडं त्यात बुडवलं. ते उलटं होताच भडाभडा वाहायला लागलं आणि थांबेना. सगळी टाकी पांढरी झाली. "समुद्रात गॅस नाही, मोठेबाबा," मी म्हणाले. "तिथं हवा वाया गेली की मानूस गेला. तिथं मागितल्यावरच द्यायला पाहिजे."

चाळीस वर्षं हवा पाहिलेला माणूस तो. तुम्हाला मी पुतणी असून शिकवत होते. राग आला असेल असं मला वाटलं. तुम्ही मात्र टाकीतल्या बुडबुड्यांकडे टक लावून पाहत होता. मग बाह्या वर केल्यात, ख तोंडात धरलात, नाक चिमटीत पकडलंत आणि टाकीत डोकं घातलंत.

"दादा, रुको, दादा," साहूभैया धावले. मी त्यांना अडवलं, कारण बुडबुडे येत होते. एक झुबका, मग शांत, मग एक झुबका. सत्तरी ओलांडलेले, धोतराऐवजी इस्त्रीची पँट घातलेले माझे मोठेबाबा हथखोजच्या गंजक्या टाकीत कमरेत वाकून पाण्याखाली श्वास घेत होते. तुम्ही समुद्र कधी पाहिला नाहीत. मी दरवर्षी बोलवायची, तुम्ही दरवर्षी म्हणायचा, पाहू. तेवढाच तुमचा समुद्र. मी शेकडो लोकांना पहिला श्वास घेताना पाहिलं आहे, त्यांचे डोळे कसे मोठे होतात ते मला पाठ आहे. तुमचे डोळे मला दिसत नव्हते. तुमची पाठ दिसत होती आणि ती हळूहळू सैल पडत गेली.

बाहेर आलात तेव्हा केसांतून पाणी गळत होतं. 

"मीनू, तिथं असंच ऐकू येते? आपलाच श्वास?"

"हो."

"आमच्या मास्कमंदी बी येत होता. पन तवा मी तो कधी ऐकला नाही. तवा फक्त गेज पायलं."

मग तुम्ही लहान पोरासारखे, मुळीच लाज न वाटता म्हणालात, "माही चूक झाली. ग नाही." मला वाटलं, झालं, आता क वर, म्हणजे मोठ्या नावावर, शिक्का. पण तुम्ही साहूभैयांना बाटली रिकामी करायला सांगितलीत, हवेच्या दाबाचा काटा अगदी खाली येईपर्यंत. आणि मला म्हणालात, "आता दोघं ओढा. तू एका तोंडानं, साहू दुसऱ्यानं. दोघं मिळून, जोरात."

ही तुमच्या खात्याची रीत. एका माणसाच्या श्वासाने कुठलाही मास्क पास करायचा नाही. आत जाणारा अडकलेल्या कुणाला आणायला गेलेला असतो, तो एकटा परत येत नाही. मी म्हटलं, सहा वर्षांत मला एकदाही ते पिवळं तोंड कुणाला द्यावं लागलेलं नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. मी आणि साहूभैया गुडघ्याला गुडघा लावून बसलो आणि धापा टाकल्यासारखे ओढू लागलो. क तिसऱ्याच श्वासाला अडला. मी ओढला की साहूभैयांना कमी पडायचं, त्यांनी ओढला की मला. साहूभैयांनी ते तोंडातून काढून म्हटलं, "ये तो कंजूस निकला, दादा." मग ख लावला. त्याने दोघांना दिलं. काटा जवळजवळ तळाला टेकला तरी दिलं.

"ख," तुम्ही म्हणालात.

तिथून जो वाद सुरू झाला तो तीन वर्षं चालला. मी म्हटलं, हे नाव किनाऱ्यावर कुणाला ठाऊक नाही, याची रबरं तिथे मिळणार नाहीत, याला दुरुस्त कोण करणार. यावर मात्र तुम्ही थांबलात. "हे तू बराबर बोलली," म्हणालात. पण मागे हटला नाहीत. साहूभैयांना सांगून त्याच्या आतल्या रबरांचे दोन संच आधीच मागवून घ्यायला लावलेत. मला एक एक रबर काढून, पुसून, परत बसवायला शिकवलंत. दोन दुपारी गेल्या त्यात. मोठ्या आईने स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून दिलं होतं आणि पोळ्यांचं पीठ आपल्या पडद्यावर उडू नये म्हणून ती ते दोन दिवस अंगणात पोळ्या लाटत होती.

घेतला मी ख, पण मनापासून नाही. तुम्ही म्हणालात म्हणून. आणि मग तीन वर्षं टोमणे मारले. तुमचा ख जड आहे, माझा जबडा दुखतो. तुमचा ख पाहून पर्यटक विचारतात, मॅडम ये लोकल है क्या. तुम्ही फोनवर हसायचा आणि एकच विचारायचा, "दोन तोंडानं ओढून पायला का?" मी म्हणायची, नाही, मोठेबाबा, कुणी नाही ओढला, आणि ओढणारही नाही.

आणि रोज दुपारी तो मेसेज. बाहेर आली का. प्रश्नचिन्हसुद्धा नाही. मी बोटीवर कपडे बदलत असायची, फोन वाजायचा, मी अंगठा पाठवायची आणि पुढच्या कामाला लागायची. कधी वैताग यायचा. सोबतच्या मुली चिडवायच्या, आली का तुझी हजेरी. एकदा मी तुम्हाला म्हटलंही, "मी काय लहान आहे का? रोज रोज काहाले विचारता?" तुम्ही म्हणालात, "नाही विचारत." दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आलाच.

तो शेवटचा दिवस सांगते. सांगायचं हेच राहिलं आहे.

त्या दिवशी माझ्यासोबत एक पर्यटक होता, माझ्याच वयाचा, फार जोरात श्वास घेणारा. परतीच्या वाटेवर आम्ही पंधरा-सोळा मीटरवर होतो आणि त्याच्या तोंडचा रेग्युलेटर एकाएकी वाहू लागला. टाकीत ग वाहिला होता, तसाच. थांबेना. मी पोचेपर्यंत त्याच्या बाटलीत हवा उरली नव्हती. मी त्याला माझं पिवळं दिलं. त्याने ते तोंडात घातलं आणि असा ओढू लागला की जणू त्याला माझी सगळी हवा एकाच श्वासात हवी होती. माझाही काटा खाली आलेला होता. आणि माझाही श्वास, खोटं कशाला बोलू, धापेवर गेला होता.

मी एका हाताने त्याचा पट्टा धरला होता, दुसऱ्या हाताने काटा, आणि मी वाट पाहत होते. तिसरा श्वास कधी अडतो याची. हथखोजला क ने मला दाखवून ठेवलं होतं, अडणं कसं असतं ते. तिसरा आला. चौथा आला. त्याला मिळत होतं, मलाही मिळत होतं. वर जाताना घाई करता येत नाही, मध्ये तीन मिनिटं थांबावंच लागतं. त्या तीन मिनिटांत आम्ही दोघं समोरासमोर लोंबकळत होतो, आणि मला समुद्र ऐकू येत नव्हता, तो माणूस ऐकू येत नव्हता. मला ग्राइंडर ऐकू येत होता, ट्रक मागे घेत असल्याचा आवाज येत होता, आणि तुम्ही चष्म्याशिवाय स्टुलावर बसून म्हणत होता, दोघं मिळून, जोरात. इतक्या दूर, मातीच्या मुलखात बसून तुम्हाला हे कसं ऐकू आलं होतं, मोठेबाबा? तीन वर्षं आधी?

आम्ही वर आलो. तो रडला, मग मीही रडले. किनाऱ्यावर त्याला चहा दिला, ब्लँकेट दिलं. फोन पाहिला तर तुमचा मेसेज होता, बाहेर आली का. मी अंगठा पाठवायला बोट उचललं आणि थांबले. एवढं सगळं एका अंगठ्यात काय सांगायचं? तुम्हाला सगळं ऐकायचं असणार, काटा किती होता, किती श्वास झाले, पडदा अडला का. आणि शेवटी ते एक वाक्य, जे म्हणायला मला तीन वर्षं लागली. त्याला निवांत वेळ हवा. उद्या सुट्टी होती. उद्या फोन करू म्हणून मी फोन ठेवून दिला.

तुम्ही पहाटे झोपेतच गेलात.

हे तेरा दिवस मी एकच गोष्ट चघळत होते, की त्या दिवशी तुमच्या मेसेजला उत्तर गेलं नाही. पुतणी बाहेर आली की नाही, हे न कळताच तुम्ही गेलात. हे मी कुणाला बोलले नव्हते.

आज सकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराशी पाणी प्यायला उभी होते. चौकटीला एक खिळा आहे. मी सुट्टीत येते तेव्हा तो रिकामा असतो, म्हणून त्याच्याकडे माझं कधी लक्ष गेलं नाही. माणसांच्या गर्दीत इतके दिवस दिसलं नव्हतं, आज दिसलं, त्यावर पत्र्याचा एक गोल बिल्ला होता, कुठल्याशा डब्याचं झाकण कापून, कडा घासून गुळगुळीत केलेला. त्यावर खिळ्याने कोरलेलं होतं, मीनू.

मोठी आई मागून आली. "हात नोको लावू," म्हणाली, आणि मग स्वतःच हसली. "नाही, तू लाव. तुहाच आहे."

रोज सकाळी नऊला तुम्ही तो लटकवायचा. माझा अंगठा आला की काढून खिशात ठेवायचा. तीन वर्षं. ज्या दिवशी मला सुट्टी असेल त्या दिवशी नाही. तेरवीआधी घर धुतलं, भिंतीवरचं सगळं खाली उतरलं, पण मोठ्या आईने याला कुणाला हात लावू दिला नाही. "अंगठा आल्याबिगर काढाचा नाही, असा त्यायचा कायदा होता."

मी तिथेच खाली बसले आणि तिला सांगितलं. तो माणूस, पिवळं तोंड, तीन मिनिटं, आणि न पाठवलेला अंगठा. मोठी आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी त्यायनं दहा खेपा मोबाईल पायला. मी म्हटलं, मीनूच्या बाबाले फोन लावा. तं म्हने, नोको. ते बाहेर आली आहे. निळ्या खुणा झाल्या, तिनं वाचलं. काही सांगासारखं झालं असंन, मनून अंगठा नाही आला. उद्या फोन करंन, सावकाश सांगंन. असं म्हनून जेवले आन झोपले."

मोठेबाबा, मी ते पुन्हा पुन्हा तिच्याकडून ऐकलं. हथखोजला ट्रकांच्या गोंगाटात तुम्ही पडद्याचा आवाज वेगळा काढला होता, तसाच त्या दुपारी तुम्ही माझा गप्पपणाही ऐकलात. त्यात मी तुम्हाला दिसले, किनाऱ्यावर, जिवंत, सांगण्यासारखं काही घेऊन बसलेली. मी तेरा दिवस तुमच्यासाठी रडत होते की तुम्हाला कळलं नाही. तुम्हाला कळलं होतं. मग बिल्ला का नाही काढलात, हेही आता मला कळतं. कायदा म्हणजे कायदा.

म्हणून आधी तुम्हाला सगळं सांगून टाकलं, वर लिहिलं आहे तसं. काटा दोनशेपैकी पन्नासच्याही खाली होता. ख अडला नाही. तुम्ही बरोबर होता. मग मी उठले, मोठ्या आईसमोर तो बिल्ला खिळ्यावरून काढला आणि मोबाईलमध्ये तुमच्या त्या मेसेजखाली अंगठा पाठवला. आतल्या खोलीत, उशाशी ठेवलेला तुमचा मोबाईल वाजला. मोठी आई रोज तो चार्ज करते.

ती आत गेली, मोबाईल पाहून आली आणि पदराला हात पुसत तिने माझ्या हातातला बिल्ला मागून घेतला.

"सोमवारपासून उतरशीन ना पाण्यात?" म्हणाली. "नवाले मी लटकवीन."